मोकळा तळ

नळीचं एक टोक ओठांत धरून तपासनिसाने श्वास ओढला आणि पाणी तोंडात यायच्या आत ते टोक बादलीत सोडलं. दुसरं टोक टाकीच्या तळावरून फिरू लागलं. तळ म्हणजे नुसती काच. खडकाच्या कडेला जमलेला कचरा, माशांची घाण, खाताना सांडलेले कण, जे काही पडलं असेल ते तिच्यावर लख्ख दिसायचं आणि नळी जवळ गेली की उचललं जायचं. एवढी खबरदारी घेऊनही जिभेवर मीठ आलंच. ते रोज यायचं आणि रोज तो तोंड वाकडं करायचा.

पिवळा मासा वरून सरळ खाली आला आणि तोंडावर आपटला. काचेवर टिचकी मारावी तसा आवाज झाला. मासा बाजूला सरकला, कडेकडेने एक फेरी मारून आला आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा आपटला.

“त्याला वाळू पाहिजे, बाबा.”

मुलगी मनू मागे कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नव्हतं.

“सवय होईल.”

“नाही होत. हे मासे वाळूत घुसून झोपतात. संध्याकाळ झाली की जागा शोधायला लागतात. बघा ना, रोज याच वेळेला चालू होतं त्याचं.”

“कोणी सांगितलं?”

“वाचलं.”

“कुठे?”

ती वाकून माशाच्या तोंडाकडे बघत होती. वरच्या ओठाचं कातडं सोलवटून तिथे पांढरा डाग पडला होता.

हा केळ्या (नाव तिनेच ठेवलं होतं, रंगावरून) तपासनिसाने स्वतः आणला होता. प्रवाळांवर चपटे किडे झाले होते आणि हा मासा ते वेचून खातो असं त्याला समजलं होतं. त्याने माशाच्या खाण्याची चौकशी केली, भांडखोरपणाची केली, पिशवी उजेडात धरून अंगावर कुठे रोगाचा ठिपका आहे का तेही पाहिलं. झोपतो कुठे, हे विचारायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. मासा झोपणार तो पाण्यातच. आणि समुद्राची टाकी पाळणाऱ्या माणसाच्या घरी चिमूटभर वाळू नसेल, हे दुकानदाराच्या स्वप्नातही आलं नसणार.

वाळूच्या बाबतीत तपासनिसाने कानाला खडा लावला होता. मनू लहान असताना घरात वाळूची टाकी होती. वरून दुधासारखी पांढरी दिसायची, आत काय साठतंय ते कोणाला दिसायचं नाही. एकदा खडक हलवताना खालचा थर उलथला. तो काळा निघाला. सडक्या अंड्यांचा वास घरभर सुटला आणि सकाळी एकही मासा जिवंत नव्हता. मनू शाळेचा डबा हातात घेऊन टाकीसमोर उभी राहिली होती. ती रडली नाही, नुसती बघत राहिली, आणि ते त्याला रडण्यापेक्षा जास्त लागलं. त्यानंतरच्या टाकीत त्याने तळ मोकळा ठेवला. दोन पंप समोरासमोर लावले, कचरा कुठे टेकू नये म्हणून. बायको म्हणायची की या घरात बसून राहायची परवानगी घाणीलासुद्धा नाही.

त्याचं कामही असंच होतं. इंजेक्शनच्या कुप्या भरणाऱ्या कारखान्यात तो भरलेली कुपी दिव्यासमोर धरायचा, एकदा पांढऱ्या पाटीपुढे आणि एकदा काळ्या पाटीपुढे, हलकेच फिरवायचा आणि आत एखादा कण तरंगतो का ते बघायचा. कुपी पास किंवा नापास. बहुतेक, कदाचित, असेल, हे शब्द त्या खोलीत कोणी उच्चारत नसे. अशा माणसाच्या घरात गुपित ठेवायचं म्हणजे धाडसच, पण मनूने ते वर्षभर ठेवलं होतं. औषधशास्त्राच्या कॉलेजात जाते असं सांगून ती सकाळी निघायची आणि जनावरांच्या दवाखान्यात जायची. कुत्री धरायची, जखमा धुवायची, डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली टाके घालायला शिकायची. जेवताना एकदा तिच्या बाहीवर तांबूस केस दिसला. पुढच्या आठवड्यात काळा, आखूड. तपासनिसाला तेवढं पुरलं.

कॉलेज सोडलं याचा राग त्याला होताच, पण तो कधीतरी ओसरला असता. रोज सकाळी हात हलवून निरोप घेताना ती खोटी होती, हे त्याला सहन होईना. त्याने स्क्रूड्रायव्हर आणून तिच्या खोलीची आतली कडी काढली. तेव्हापासून ती बाहेर पडली की कुठे, घरी आली की कुठून, फोन वाजला की कोणाचा. बायको पडदे शिवण्याचं काम करायची. अर्ध्या गावाच्या खिडक्या तिने झाकल्या होत्या. कडीचं भोक बघून ती एवढंच म्हणाली, “अति तिथे माती, अहो.”

आता मनूने टाकीपाशीच बैठक मारली होती.

“थोडीशी टाकू. एका कोपऱ्यात.”

“या टाकीत वाळू येणार नाही.”

“मग तो मरेल. झोप नाही, तोंड फुटलंय, खाणंही कमी झालंय.”

“मी लक्ष ठेवून आहे त्याच्यावर.”

“तेच तर ना. तुम्ही सारखं लक्ष ठेवून आहात. त्याला जरा वेळ कोणाला दिसायचं नाहीये.”

“ज्याचं सगळं सरळ असतं,” तपासनीस नळी गुंडाळत म्हणाला, “त्याला लपायची गरज पडत नाही.”

हे वाक्य माशाबद्दल होतं असं त्याने स्वतःला नंतर पुष्कळदा सांगून पाहिलं. मनू उठली, खोलीत गेली, दार लोटलं. कडी नसल्यामुळे ते पुन्हा हळूहळू उघडलं. सकाळी ती बॅग घेऊन मावशीकडे निघून गेली. किती दिवसांसाठी, हे तिने आईलाही सांगितलं नाही.

घरात मग दोनच आवाज राहिले, पंपांचा आणि शिलाई मशीनचा. तपासनीस या खोलीतून त्या खोलीत जायचा, टाकीशी थांबायचा, परत जायचा. मनूला फोन लावला तर ती उचलायची नाही. आईला मात्र उत्तर द्यायची, तेही दोन शब्दांत. कारखान्यात तो चांगल्या कुप्या बाजूला काढू लागला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “आज पाणीसुद्धा नापास का, साहेब?” त्याने त्यातली एक कुपी पुन्हा दिव्यासमोर धरली. आत काहीच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं की कण दिसतात, हे तो नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवत असे.

त्या संध्याकाळी केळ्या तळाशी आडवा पडला होता आणि पंपाचा झोत त्याला चिंधीसारखा ढकलत होता. तपासनिसाने चपला घातल्या आणि थेट दुकान गाठलं.

दुकानदार आधी समजूनच घेईना.

“म्हणजे वाळूच नाही? अजिबात?”

“अजिबात.”

“अहो, पलंग न देता पाहुणा नेलात की तुम्ही.” तो हसला, पण तपासनिसाचा चेहरा बघून आवरला. “सगळ्या तळाला कशाला घालताय? एक खोलगट भांडं भरून कोपऱ्यात ठेवा. घाण झाली की भांडं उचला, धुवा, परत ठेवा. आणि एक सांगून ठेवतो. आत गेला की त्याला विसरा. नवा मासा दोन-चार दिवस वर येत नाही. उकरायला जाऊ नका. घाबरला की हे उडी मारतात.”

वाळू त्याने इतक्या वेळा धुतली की नळाचं पाणी आणि वाळूतून निघणारं पाणी यात फरक राहिला नाही. भांडं बायकोचं होतं, जाड काचेचं.

“माझं भांडं?” ती म्हणाली. “पाण्यात राहून माशाशी वैर करत होतात, तेच बरं होतं.” पण भांडं तिनेच पुसून दिलं.

भांडं तळाला टेकलं. केळ्याने एक फेरी मारली, भांड्यावर थांबला, आणि तपासनिसाने हात बाहेर काढायच्या आत वाळूत शिरून गडप झाला. वर एक लहानसा खळगा राहिला आणि तोही लगेच बुजला. बायकोने टाळी वाजवली. तपासनीस खुर्ची ओढून समोर बसला. त्याला बरं वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मनूचा, आणि त्याच्या फोनवर.

“आईने सांगितलं. वाळू ठेवलीत म्हणे.”

“हो. भांड्यात.”

“आत गेला?”

“गेला. पण बाहेर आलेला नाही.”

“येईल. बाबा, उकरू नका हं.”

“मी कशाला उकरतोय?”

“शब्द द्या.”

असा शब्द तिने कधी मागितला नव्हता. मागायचं काम आजवर त्याच्याकडे होतं.

“दिला,” तो म्हणाला.

“मग रविवारी येते मी. बघायला,” ती म्हणाली. “राहायचं तेव्हा बघू.”

फोन ठेवल्यावर तपासनिसाने ही बातमी बायकोला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना ‘राहायचं तेव्हा बघू’ हे शब्द त्याने मनूच्याच आवाजात म्हणून दाखवले. मुलगी घरी येणार होती, आणि ती का येणार होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मासा हे निमित्त होतं. बाबा शब्द पाळतात का, ते तिला बघायचं होतं.

केळ्या काही वर येईना. तपासनीस कामावर जायच्या आधी टाकीशी बसायचा, कामावरून आल्यावर बसायचा. वाळू सपाट. बाकीचे मासे तिच्यावरून खुशाल ये-जा करत होते. आत तो झोपला असेल. आत तो मेलाही असेल. मेला असेल तर कुजत असेल, आणि मग काय होतं ते या घराने एकदा पाहिलं होतं. तो परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचा आणि रंग तपासायचा. रंग ठीक असायचा. तासाभराने परत घ्यायचा.

“झाकली मूठ आहे, राहू द्या की जरा,” बायको म्हणाली.

“मुठीत काय आहे ते कळायला नको?”

“सव्वा लाखाची असते ती न कळल्यामुळेच.”

शनिवारी त्याला सुट्टी होती. बायको कोणाच्या तरी खिडक्यांची मापं घ्यायला गेली होती. भर दुपारचं ऊन टाकीमागच्या भिंतीवर पडलं होतं आणि तपासनीस फेऱ्या मारत होता, दारापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून दारापर्यंत. उद्या मनू येईल. टाकीसमोर उभी राहील. मासा सडलेला असला, पाणी नासलेलं असलं, तर तिला दुसऱ्यांदा तेच चित्र दिसेल. तिच्यासाठीच बघायला हवं होतं. शब्द दिला होता तो उकरणार नाही असा. एका बोटाने चाचपून बघणं म्हणजे काही उकरणं नव्हे. एवढा कीस त्याने आयुष्यात कुठल्या कुपीचा काढला नव्हता.

त्याने झाकण बाजूला ठेवलं, बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात पाण्यात घातला. वाळू गार होती. बोट एका कडेने आत गेलं. काही लागलं नाही. मधे लागलं नाही. मग तिसऱ्या ठिकाणी काहीतरी गुळगुळीत बोटाला लागलं आणि हललं.

जिवंत. तपासनिसाला हसू फुटलं.

ते हसू ओठांवर असतानाच वाळू उसळली. पिवळी रेघ त्याच्या मनगटाजवळून वर गेली, उघड्या टाकीतून बाहेर पडली आणि टाकीच्या मागे, भिंत आणि टाकीखालचं कपाट यांच्यामधल्या फटीत पडली. लाकडावर काहीतरी तडफडल्याचा आवाज येऊ लागला. फट हाताच्या पंजाएवढीसुद्धा नव्हती. त्याने हात कोंबला, खांदा अडकला. कपाट ढकललं, पण त्याच्यावर टाकीभर समुद्र होता. तो पोटावर आडवा झाला, खालून बघितलं, काही दिसेना. बायकोच्या सामानातला पडद्याचा दांडा आणून त्याने फटीतून फिरवला, आणि आवाज थांबल्यावरही बराच वेळ फिरवत राहिला.

शेवटी मासा बाहेर आला तेव्हा त्याला धूळ चिकटली होती. ओठावरची जखम बरीच भरत आली होती. पांढरा डाग होता, पण लहान झाला होता. वाळूत त्याला आराम पडला होता तर. तपासनीस जमिनीवर बसला. मासा ओंजळीत तसाच होता आणि त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की आत्ता घरात कोणी नाही याचं त्याला बरं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तर हात त्याने अक्षरशः दाखवला होता.

त्याने मासा खिडकीतल्या कुंडीत पुरला. कपाटामागे सांडलेलं पाणी टिपलं, दांडा पुसून जागच्या जागी ठेवला आणि दुकानात गेला.

“जोडीला अजून एक हवा,” तो दुकानदाराला म्हणाला. “एकटा पडलाय तो.”

दुकानदाराने मान डोलावली आणि जाळी घेतली. इतक्या सहज खोटं बोलता येतं, हे तपासनिसाला माहीत नव्हतं. परतीच्या वाटेवर पिशवी छातीशी धरून चालताना त्याला मनूचा सकाळचा हलणारा हात आठवत राहिला. आपल्याला एक दुपार निभावताना घाम फुटतोय, आणि तिने रोज सकाळी हे एकटीने निभावलं होतं. कोणाच्या भीतीने, ते विचारायची गरज नव्हती.

संध्याकाळी बायको आली तेव्हा टाकीत पिवळा मासा फिरत होता.

“आला की वर!” तिने लगेच मनूला फोन लावला.

रविवारी मनू आली ती चपला काढून सरळ टाकीपाशी गेली. खांद्यावरची पिशवीही तिने उतरवली नव्हती. मासा खडकाच्या आडून बाहेर आला, काचेशी आला, तिच्यासमोर क्षणभर थांबला. त्याचं तोंड स्वच्छ होतं. ओरखडा नाही, डाग नाही. तपासनीस खुर्चीत बसून तिच्या पाठीकडे बघत होता.

ती बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

“मला तर हा थोडा लहानच वाटतोय,” आई मागून म्हणाली. “आधी मोठा होता, नाही का गं?”

तपासनिसाने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“उपाशी होता ना वाळूत,” मनू म्हणाली. “दोन-चार दिवस पोटात काही नाही म्हटल्यावर वाळणारच.”

“आणि तोंडाला लागलं होतं ते?”

“भरतं ते. माशांचं लवकर भरतं.”

“इतकं लवकर?”

“आमच्या डॉक्टरीणबाई सांगतात,” मनू म्हणाली. ‘आमच्या’ हा शब्द या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. “आई, चहा टाकतेस का?”

आई आत गेली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, नळ सुरू झाला. मनूने पिशवी उतरवून जमिनीवर ठेवली आणि तिथेच मांडी घालून बसली. मासा भांड्यावर आला, वाळूला तोंड लावून बाजूला झाला. तपासनिसाने चष्मा डोळ्यांवर चढवला. मुलीच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला इथून नीट दिसत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते दिसायला नको होतं.

“मनू,” तो म्हणाला. “काल दुपारी मी...”

“बाबा,” ती टाकीवरची नजर न काढता म्हणाली, “मी काही विचारलं का?”